फटमास्तरची बसवणी

तर काल आपण त्या दातांच्या डॉक्टरांना जीपमध्ये बसवून ठेवलं आणि दिवे लागले म्हणून उठलो. ते बिचारे अजून तिथेच बसलेले आहेत. गाडी त्यांची स्वतःची, चारी बाजूंनी उघडी. कारखान्यातून निघाली तेव्हापासून तिला दार म्हणून कधी ठाऊक नाही. आता उतारवयात डॉक्टरांना वारा सोसेना, म्हणून त्यांनी खोक्यातून तयार दारं मागवली आणि ती बसवून घ्यायला आले. डावं दार बसलं होतं. उजवं बिजागरीवर अर्धवट लोंबत होतं. आणि डॉक्टर ड्रायव्हरच्या जागेवर दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटोला बसवल्यासारखे. हलायचं नाही असा हुकूम. हुकूम देणारा गाडीखाली उताणा, त्याचे नुसते पाय दिसताहेत.

पाऊण तासानं डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मीही लोकांना तोंड उघडं ठेवून बसवतो, पण इतका वेळ नाही हो."

खालून आवाज आला, "तोंडाची बिजागरी आयती आलेली असते, डॉक्टर. इथं ती मला बसवायची आहे."

त्या पायांचा जो धनी, त्याला सगळी गल्ली फटमास्तर म्हणायची. शाळेत त्यानं कधी शिकवलं नव्हतं, शिकलाही होता बेताचाच. पण दार आणि चौकट यांच्यामध्ये जी बारीक फट असते, तिचा तो मास्तर. चारी बाजूंनी ती सारखी आली पाहिजे, एवढा एकच ध्यास. मापायला त्याच्याकडे एक जुना कंगवा होता. दात सगळे गेलेले, नुसती पाठ शिल्लक. ती पाठ फटीतून वरपासून खालपर्यंत न अडकता, न डुगडुगता गेली की दार बसलं. अडकली तर सगळे बोल्ट पुन्हा ढिले. शेजारी टायरवाल्याचं दुकान होतं. तो त्या दिवशी म्हणाला, कंगव्याचे दात याच डॉक्टरांनी काढले असणार, त्याचा सूड चाललाय.

आता तुम्ही म्हणाल, दार लावायला आत माणूस कशाला बसवायचा? त्यातच तर खरी मेख आहे. उघडी जीप म्हणजे झाकण नसलेला पत्र्याचा डबा. वर छप्पर नाही, बाजूला आधार नाही, दाबाल तिथे दबते. खाली चासी, वर बॉडी, आणि दोघांच्या मध्ये रबराच्या गाद्या. गाडी जुनी झाली की त्या गाद्या कुठे चेपतात, कुठे फुगतात. माणूस सीटवर बसला की गाडीची त्याच्या बाजूची जमीन खाली जाते, आणि मागचा खांब, ज्याच्यात दाराची कडी अडकायची असते, तो सूतभर, कधी दोन सूत कलतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तुम्हाआम्हाला तो दिसायचा नाही, पण कडीला दिसतो. तयार दारं एका साच्यातून शेकड्यांनी निघतात, सगळी एकसारखी. गाड्या मात्र एकीसारखी दुसरी नाही. बाकीचे फिटर रिकाम्या गाडीला दार लटकवायचे, दोनदा आपटून दाखवायचे आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचे. पंधरा दिवसांत दार खुळखुळायला लागायचं. फटमास्तर म्हणायचा, रिकाम्या गाडीला बसवलेलं दार रिकाम्या गाडीलाच लागतं. म्हणून त्याच्या दुकानाचा नियम असा, की ज्याची गाडी त्यानं स्वतः येऊन आपल्या जागेवर बसायचं, आणि तो बसलेला असतानाच शेवटचे बोल्ट आवळायचे. याला तो बसवणी म्हणायचा.

नियम शंभर टक्के खरा होता. पण बसवणीला वीस मिनिटं पुष्कळ झाली असती. फटमास्तर तास काढायचा, कधी सव्वा. बोल्टला अर्धा आटा द्यायचा आणि विचारायचा, धाकटीचं लग्न ठरलं का. पुन्हा अर्धा आटा, आणि तुमच्या त्या सांधेदुखीचं काय झालं. गिऱ्हाईक हलू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही, मग करतं काय बिचारं, बोलायला लागतं. दातांच्या डॉक्टरांच्या तिन्ही मुलींच्या सगळ्या परीक्षांचे मार्क त्याला पाठ होते. शेवटचा बोल्ट आवळला की माणूस दार ओढून घेतो, हात हलवतो आणि निघून जातो, हेही त्याला पाठ होतं. म्हणून शेवटचा बोल्ट तो फार सावकाश आवळायचा.

डॉक्टर त्या दिवशी सुटले एकदाचे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी हा कंगवा हातात धरून रस्त्याकडे बघत उभा. टायरवाला म्हणाला, "गेले ते. दार लागलं का नीट?"

"लागलं की."

"मग तोंड का असं?"

हा कंगवा खिशात घालून आत गेला.

आत म्हणजे दुकानाच्या मागं त्याची खोली. एक खाट, एक स्टोव्ह, एक रेडिओ, खुर्च्या दोन. त्यातली एक भिंतीला खिळ्यावर टांगलेली, कारण खाली ठेवली तर नुसती पायात यायची. दुकान आणि खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, पडदा होता. शहरभर दारं बसवत फिरणाऱ्या माणसाच्या खोलीला दार नाही, म्हणून लोक हसायचे. तो म्हणायचा, लावून घ्यायचं तरी कुणापासून? जेवण उभ्याउभ्याच व्हायचं, पातेल्यातूनच. लग्न जमता जमता राहिलं होतं. ती हकिकत मोठी आहे, तिच्यात शिरलो तर इथून बाहेर यायचे नाही आपण.

रविवारी दुकान बंद. तो दिवस त्याला सगळ्यांत लांब वाटायचा. सकाळी दाढी, अंघोळ, इस्त्रीचा सदरा, आणि मग जायचं कुठं, तर खेळाच्या मैदानाबाहेर जिथं गाड्या उभ्या करतात तिथं. लोक आत सामना बघायचे, हा बाहेर ओळीनं उभ्या गाड्यांच्या फटी बघायचा. खिशातून कंगवा काढायचा आणि परक्या दारांमधून फिरवायचा. एकदा पहारेकऱ्यानं मानगूट धरली. त्याला वाटलं काच उतरवतोय. फटमास्तरनं त्याला सगळं समजावून सांगितलं, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, कुठलं दार कुणी बसवलंय आणि कुणी नुसतं टांगलंय. पहारेकरी भला माणूस, अर्धा तास ऐकत राहिला, मध्ये दोनदा अच्छा म्हणाला. पुढचा आख्खा आठवडा हा त्याला आणखी काय काय सांगायचं ते ठरवत होता. रविवारी गेला तर तिथं दुसराच पहारेकरी. पहिल्याची बदली झाली होती.

आता दुकान पहिल्यापासून असं एकट्याचं नव्हतं, बरं का. दोघा भावांनी मिळून ते काढलं होतं. थोरला अंगानं दांडगा. जीपचं दार काचेसकट एका हातावर उचलून धरायचा आणि श्वास रोखून तसाच उभा राहायचा. धाकटा, म्हणजे आपला फटमास्तर, खाली बसून बोल्ट घालायचा. दादा, एक सूत वर. दादा, पुढं घे. हं, थांब. असं दिवसभर. पलीकडे भंगारवाल्याचा मोठा काटा होता, त्यावर दोघं गमतीनं उभे राहायचे. थोरला अठ्ठ्याऐंशी किलो, धाकटा बावन्न. कधीही उभे राहा, आकडे तेच. भंगारवाला म्हणायचा, थोरल्याला घेतो मी भंगारात, धाकट्याला उचलायची मजुरीसुद्धा सुटायची नाही. संध्याकाळी थोरला घरी जायचा, आणि बऱ्याचदा धाकट्यालाही मानेला धरून जेवायला न्यायचा.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटा रबर आणायला बाजारात गेला होता. मागं एक गिऱ्हाईक घाईत होतं, म्हणून थोरल्यानं एकट्यानंच दार बसवून दिलं. उचललंही त्यानंच, आवळलंही त्यानंच. धाकटा परत आला तेव्हा गिऱ्हाईक खुशीत गाडीत बसलेलं. यानं सवयीनं कंगवा फिरवला. खाली अडकला. यानं पाना घेतला आणि दार उतरवायला सुरुवात केली.

थोरला म्हणाला, चालतंय रे, लागतंय ना दार.

यावर धाकटा जे बोलला ते त्याला नंतर नऊ वर्षं रोज ऐकू यायचं. तो म्हणाला, "तू नुसतं उचलायचं काम कर. डोकं लावायला मी आहे."

गिऱ्हाईक हसलं. मुद्दाम नव्हे, काय करावं ते सुचेना म्हणून हसलं असेल. पण हसलं. थोरल्यानं फडक्याला हात पुसले, फडक्याची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा न्यायला वहिनी आल्या.

थोरल्यानं मग एक जुनी उघडी जीप घेतली. डोंगरावर बिनतारी मनोरा आहे, तिथल्या पाळीच्या कामगारांना सकाळी वर न्यायचं, संध्याकाळी खाली आणायचं, हा उद्योग धरला. गाडीला दार काही लावलं नाही. दुकानावरून जाणारा रस्ता जवळचा, पण हा लांबच्या पुलावरून वळसा घालून जायचा. पहिल्या वर्षी फटमास्तरला एकदोनदा बाजाराच्या गर्दीत त्याची रुंद पाठ दिसली. हाक मारायला तोंड उघडेपर्यंत पाठ गेलेली असायची. नंतर तीही दिसली नाही. धाकट्यानं जायला हवं होतं, पाय धरायला हवे होते, हे त्याचं त्याला कळत होतं. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर जायचं म्हणजे त्या वर्षाचाही जाब द्यायचा. असे नऊ जाब साठले.

असं चाललेलं असताना एका सकाळी दुकानापुढं एक उघडी जीप येऊन थांबली. चाकामागं वहिनी. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेल्या त्या, आणि थांबवली ती अशी, की टायरवाला दोन पावलं मागं सरकला. मागच्या बाजूला दोन लांबट खोकी दोरीनं बांधलेली.

वहिनींनी उतरल्या उतरल्या सगळं उभ्याउभ्याच सांगितलं, पाठ करून आल्यासारखं. हिवाळ्यात दादांची छाती दोनदा भरली. दुसऱ्या वेळी इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरांचं म्हणणं, छातीवर वारा घ्यायचा नाही, गाडी सोडा. ते सोडत नाहीत, माणसं वळणावर वाट बघत उभी राहतात म्हणतात. मग वहिनींनीच दारं मागवली. बसवायची तर इथंच, असा हट्टही त्यांनीच धरला, चार दिवस घरात अबोला झाला, आणि पाचव्या दिवशी दादांनी किल्ली टेबलावर ठेवली.

फटमास्तरनं खोक्याची दोरी सोडायला घेतली, म्हणजे खाली बघता येतं. खाली बघूनच विचारलं, "बसवणीला दादा येईल ना?"

"भाऊजी, गाडी इथं आणू दिली त्यांनी. तेवढ्यावर भागवा."

"माणूस बसल्याशिवाय मी शेवटचा बोल्ट आवळत नाही, वहिनी. दुकानाचा नियम आहे."

"नियम तुमच्या दुकानाचा. ते दुकानात नाहीत, नऊ वर्षं झाली."

फटमास्तरनं दोरीची शेवटची गाठ सोडवली. मग विचारलं, आता बरा आहे ना? वहिनी म्हणाल्या, घरी आलेत. आणि पदराला हात पुसत रिक्षा बघायला गेल्या.

आता हा माणूस, जो दातांच्या डॉक्टरांकडून पोरींचे मार्क काढून घ्यायचा, ज्याला गल्लीतल्या प्रत्येकाच्या गुडघ्याची खबर होती, त्याच्या तोंडून सख्ख्या भावाबद्दल दुसरा प्रश्न निघाला नाही. कसा आहे, जेवतो का, जिना चढतो का, काही नाही. विचारायला लाज वाटली. मला काय अधिकार, असं वाटलं. रिक्षा निघून गेली.

दोन दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. खोक्यातल्या बिजागऱ्या त्याला पटल्या नाहीत, त्यानं आपल्याकडच्या जाड काढल्या. कडा घासल्या, रबर दोनदा बदललं, काच वरखाली करून करून तिचा आवाज घालवला. डावं दार पूर्ण झालं. उजवं, म्हणजे ड्रायव्हरचं, शेवटच्या बोल्टपर्यंत आणून ठेवलं आणि थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो काहीच करत नव्हता. पाना पुसायचा, ठेवायचा, पुन्हा पुसायचा. रस्त्यावर पावलं वाजली की मान वळायची. त्याला वाटत होतं, येईल. गाडी इथं आहे, वर जायची सोय नाही, दुपारपर्यंत चिडून का होईना येईल. चिडून आला तरी चालेल. आला नाही.

टायरवाल्याला राहवेना. तो म्हणाला, मी बसू का?

"तू बसून काय उपयोग? तुझ्या वजनाला बसवलेलं दार त्याला कसं लागेल?"

"मग त्याच्या वजनाचा माणूस शोधू."

हे म्हटल्याबरोबर फटमास्तर उठलाच. भंगारवाल्याकडे जाऊन पोत्यात वाळू भरली आणि काट्यावर चढवली. अठ्ठ्याऐंशी किलो. ना छटाक कमी, ना छटाक जास्त. भंगारवाला नवा होता, जुन्याचा जावई. त्याला कळेना की हा वाळू मुठीमुठीनं का काढतोय आणि घालतोय. मग टायरवाल्यानं आणि यानं मिळून तीन पोती गाडीत आणली. मोठं सीटवर, मधलं त्याच्यावर टेकून, पाठीसारखं, आणि लहान खाली पायांच्या जागी, कारण बसलेल्या माणसाच्या पायांचं वजन जमिनीवर असतं, सीटवर नसतं. टायरवाल्यानं आपली टोपी काढून वरच्या पोत्यावर ठेवली.

"घ्या," तो म्हणाला, "आले तुमचे दादा. नमस्कार करा."

फटमास्तरनं टोपी काढून परत दिली. टायरवाला समजला आणि आपल्या दुकानात गेला.

नंतरचे दोन तास फटमास्तर आणि वाळू. खांब कलला, बरोबर दोन सूत, जुन्या दिवसांत दादा कुठल्याही जीपमध्ये बसला की कलायचा तसाच. यानं अर्धा आटा दिला. सवय वाईट असते. अर्धा आटा दिल्यावर बोलायची जी सवय लागलेली, ती पोत्यासमोरही सुटली नाही. आधी इकडचं तिकडचं बोलला. दुकानाचं छप्पर गळतं ते सांगितलं. काचेचे भाव सांगितले. मग त्या दुपारचं सगळं सांगितलं. म्हणाला, कंगवा अडकला होता खाली हे खरं, पण दार लागत होतं, हेही खरं. तू म्हणालास ते बरोबर होतं, चाललं असतं. मी ते गिऱ्हाइकापुढं उतरवायला नको होतं. आणि ते वाक्य तर नकोच होतं. तुझ्या उचलण्यावर माझं डोकं चालायचं, दादा. आता एकटा दार उचलतो तर गुडघ्यावर टेकवून उचलावं लागतं, रंग जातो. वाक्यं चांगली जुळत होती. एखादं मनासारखं नाही आलं तर तो ते पुन्हा म्हणायचा, दुरुस्त करून. वाळू ऐकत होती.

शेवटचा बोल्ट त्यानं संध्याकाळी आवळला. कंगवा वरून सोडला तो खालपर्यंत सरळ गेला, लोण्यातून गेल्यासारखा. दार बोटानं ढकललं तर लागलं, कडीनं एवढासा आवाज केला. इतकं चांगलं दार त्यानं आयुष्यात बसवलं नव्हतं.

वहिनी आल्या तेव्हा पोती अजून गाडीतच होती. फटमास्तरला ती उतरवायची नव्हती बहुतेक. वहिनींनी विचारलं, हे काय? यानं जरा लाजतच समजावलं, की दादा येणार नाही म्हणून दादाचं वजन बसवलं. अठ्ठ्याऐंशी. तेच माप.

"एवढं?" वहिनी म्हणाल्या.

"एवढंच. मी विसरेन का?"

वहिनी त्या तीन पोत्यांकडे बघत राहिल्या. तोंड उघडलं, काही तरी म्हणणार होत्या. घरून त्यांना बजावलेलं असावं, तिथं माझ्या आजाराचं पुराण लावू नकोस म्हणून. त्यांनी तोंड मिटलं. यानं पोती उतरवली, त्यांना दार धरून बसवलं आणि सांगितलं, "तुम्ही हलक्या आहात वहिनी, तुम्हाला घरापर्यंत ते जरा अडेल, कडी धरणार नाही. हा दोर देतो, बांधून घ्या. दादा बसला की आपोआप बरोबर लागेल."

"बरं केलंत, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि गाडी सुरू केली. यानं त्यांचे भरलेले डोळे पाहिले आणि मनात म्हणाला, माझ्या कामाची कदर झाली.

मग चार दिवस काही नाही. दार लागलं असेल, तर निदान निरोप येईल, असं त्याला वाटत होतं. टायरवाल्याला तो म्हणाला, दार इतकं नीट लागतंय की दादाच्या लक्षातही आलं नसेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वर डोंगरावर थंडी असेल, आता वारा लागत नसेल. तिसऱ्या दिवशी टांगलेली खुर्ची खिळ्यावरून काढली, पुसली आणि पुन्हा टांगली. एका गिऱ्हाइकाची बसवणी आली होती, ती त्यानं पंधरा मिनिटांत उरकली. गिऱ्हाईकच दचकलं. म्हणालं, मास्तर, झालं? बरं वाटत नाही का आज?

पाचव्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आवाज ऐकू आला. दार आपटल्याचा. आपटतंय, उघडतंय, पुन्हा आपटतंय, आणि आवाज जवळ येतोय. फटमास्तरनं आवाजावरून ओळखलं की दार कुठलं आहे. जीप दुकानापुढं थांबली. आत एक वाळका म्हातारा, एका हातानं चाक आणि दुसऱ्या हातानं दाराला बांधलेला दोर धरलेला. फटमास्तरला वाटलं, गाडीवर ड्रायव्हर ठेवला वाटतं, चांगलं केलं. तो त्या माणसाला म्हणणार होता की मालकांना पाठवा, दार मालकांच्या मापाचं आहे.

तेवढ्यात म्हातारा बोलला. आवाज मात्र अठ्ठ्याऐंशी किलोचाच होता.

"मी उतरणार नाही. इथूनच बघ आणि सांग. चार दिवस एका हातानं दार धरून डोंगर चढतोय मी. मागं माणसं बसलेली असतात, त्यांना वाटतं म्हाताऱ्याला दार लावता येत नाही. फटमास्तर म्हणे. डोकं लावून बसवलेलं दार असं असतं का?"

टायरवाल्यानं हातातला टायर आवाज न करता खाली ठेवला.

फटमास्तर पुढं झाला. खिशातून कंगवा काढला. वर गेला, मध्ये गेला, खाली अडकला. मग त्यानं खांबाकडे बघितलं. खांब जवळजवळ सरळ उभा होता, अर्धा सूतही कललेला नव्हता, जणू सीटवर कुणी नाहीच. मग सीटकडे बघितलं. दादाच्या दोन्ही बाजूंना रेक्झिन मोकळं दिसत होतं, पूर्वी कुठल्याही सीटवर त्याच्याशेजारी हात घालायला जागा नसायची. सदरा तोच जुना, मोठ्या मापाचा. आयुष्यभर फटी बघितलेल्या डोळ्यांना कॉलर आणि मान यांच्यामधली जागा दिसली, आणि तिथून ते डोळे हलेनात.

वाळूपुढं दुरुस्त करकरून जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. थोरल्यानं दोर सोडला. दार आपलंआपण उघडून दोघांच्या मध्ये लोंबत राहिलं.

"बोल की," थोरला जरा खालच्या आवाजात म्हणाला. "चुकलं कुठं?"

फटमास्तरनं उघड्या दाराची कड धरली आणि उत्तर दिलं ते असं:

"दार बरोबर आहे, दादा, पण ज्याला बसवलं तो अठ्ठ्याऐंशी किलोचा होता. वहिनी इथं समोर उभ्या होत्या, एका शब्दानं विचारलं असतं तर कळलं असतं, पण मला तोंड कुठं होतं, तुला गिऱ्हाइकापुढं तसं बोलल्यावर? चुकी तेव्हाही माझीच, आणि आताही माझीच. तू उतरू नकोस, बसून राहा. आज जेवढा आहेस तेवढ्याला बसवून देतो."